वजनाचा आंकडा आणि डॉक्टरांचीं पांच मिनिटें

कोणत्याहि लहानमोठ्या दवाखान्यांत वजनाचा कांटा असतोच. रोगी त्यावर उभा राहतो, कंपाउंडर आंकडा वाचतो, तो केसपेपरवर लिहिला जातो आणि बहुतेक वेळां त्या आंकड्याची हकीकत तेथेंच संपते. गुडघा धरून आलेल्या बाईंना गुडघ्याची गोळी मिळते, रक्तदाबाच्या रोग्याची गोळी अर्ध्याची एक होते, मधुमेहाच्या रोग्यास साखर पुन्हा तपासून येण्यास सांगण्यांत येतें. परंतु या तिघांच्याहि दुखण्यांत ज्याचा मोठा हात असूं शकतो त्या वाढलेल्या वजनाविषयीं चकार शब्द निघत नाहीं. निघालाच तर 'वजन जरा कमी करा' एवढाच निघतो, आणि दाराशीं खोळंबलेल्या पुढच्या रोग्याचें नांव पुकारलें जातें.

यांत डॉक्टरांची बेपर्वाई आहे असें समजणें अन्यायाचें होईल. त्यांच्या हातीं वेळच थोडा असतो. निरनिराळ्या देशांत डॉक्टर एका रोग्यास किती वेळ देतात याची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. बांगलादेशांत ही भेट सरासरीनें ४८ सेकंदांची आणि स्वीडनमध्यें साडेबावीस मिनिटांची असल्याचें तींत आढळलें; आणि जगाची सुमारें निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते तेथें ती पांच मिनिटांची किंवा त्याहूनहि कमी भरली. पांच मिनिटांत तक्रार ऐकावयाची, तपासावयाचें, औषध लिहावयाचें आणि वर एखाद्याच्या तीस वर्षांच्या खाण्यापिण्याच्या संवयींचा विचार करावयाचा, हें कोणासहि जमणारें नाहीं. दुसरी अडचण संकोचाची. वजनाचा विषय काढला तर रोगी दुखावेल, आपल्याला आळशी व खादाड म्हटलें असें त्यास वाटेल, ही भीति डॉक्टरांच्या मनांत असते. पण तिसरें कारण या दोहोंपेक्षां बलवान् असून तें क्वचितच बोलून दाखविलें जातें. वजन कमी करा असें सांगितल्यावर रोग्यानें 'तें कसें?' असें विचारलें, तर त्या प्रश्नाचें पुरें उत्तर देण्याची सोय दवाखान्यांत नसते. नापास होणाऱ्या मुलास 'अभ्यास कर' एवढें सांगून मास्तरांनीं वर्गाबाहेर निघून जावें, तशांतलाच हा प्रकार होतो.

संकोचाच्या भीतीचा निकाल पुष्कळ अंशीं इंग्लंडांत लागला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं तेथील ५७ दवाखान्यांतील १३७ डॉक्टरांच्या साह्यानें एक प्रयोग केला व तो २०१६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच कामासाठीं आलेल्या १,८८२ लठ्ठ रोग्यांशीं भेटीच्या शेवटीं डॉक्टरांनीं सुमारें ३० सेकंद बोलावें, एवढीच योजना होती. निम्म्यांना 'वजन उतरलें तर तुमच्या प्रकृतीला बरें' असें सांगून सोडलें. निम्म्यांना मात्र आठवड्यास एक याप्रमाणें १२ आठवडे चालणारा वजन घटविण्याचा वर्ग विनामूल्य देऊं केला आणि तेथल्या तेथें नांव नोंदविण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या गटांतील शेंकडा ७७ जणांनीं होकार दिला व शेंकडा ४० प्रत्यक्ष वर्गास गेले. वर्षानंतर पाहतां या गटाचें वजन सरासरीनें २.४३ किलो उतरलें होतें, पहिल्या गटाचें १.०४ किलो. आणि ज्याची एवढी धास्ती होती त्या रागाचें काय? डॉक्टरांचें बोलणें अनुचित व निरुपयोगी वाटलें असें सांगणारे रोगी सर्व मिळून अवघे चार निघाले. म्हणजे विषय काढल्यानें रोगी रागावतो ही समजूत डॉक्टरांनीं खुशाल सोडून द्यावी. मात्र या प्रयोगांतलें खरें मर्म त्या ३० सेकंदांत नसून बोलणें संपल्यावर रोग्यानें कोठें जावें हें आधींच ठरलेलें होतें, त्यांत आहे.

आतां रोग्यास नुसतें एकदां पाठवून भागत नाहीं, याचें कारण शरीराच्या स्वभावांत आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें ५० स्थूल माणसांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून त्यांच्या रक्तांतील भूक व तृप्ति यांचें नियमन करणारीं संप्रेरकें मोजण्यांत आलीं. सरासरीनें साडेतेरा किलो वजन उतरलें. पुढें वर्ष लोटलें, गेलेल्या वजनापैकीं कांहीं परतहि आलें, तरी तीं संप्रेरकें पूर्वस्थितीला आलीं नव्हतीं. भूक पूर्वीपेक्षां अधिक लागत होती. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा कीं, वजन उतरविलेला मनुष्य पुन्हां लठ्ठ होतो तो केवळ निश्चय ढळल्यामुळें नव्हे. त्याचें शरीर गेलेली चरबी परत मागत असतें. अशा दुखण्यावर उपचार करावयाचा तो रक्तदाबासारखा, वर्षानुवर्षें व पुनःपुन्हां भेटूनच केला पाहिजे.

किती वेळां भेटावें? अमेरिकेंतील वृद्धांसाठीं असलेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानें २०११ च्या अखेरीस याचें एक वेळापत्रकच घालून दिलें. पहिला महिनाभर दर आठवड्यास एक भेट, दुसऱ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्यास एक, आणि तोंवर निदान ३ किलो वजन उतरलें असल्यास वर्षअखेरपर्यंत महिन्यास एक. हिशेब केला तर वर्षाच्या वीसबावीस भेटी होतात. एखाद्या डॉक्टरच्या यादींत असे शंभरच रोगी आहेत असें धरलें तरी दोन हजार भेटी झाल्या. वर्षाचे कामाचे दिवस ३०० मानले आणि प्रत्येक भेटीस १५ मिनिटें दिलीं तर रोजचे सुमारें पावणेदोन तास केवळ याच कामीं जातील. कोणता डॉक्टर ते देऊं शकणार आहे?

या हिशेबाच्या अडचणींतूनच इंटरनेटवरील साधनांकडे वैद्यकाचें लक्ष गेलें. हीं साधनें म्हणजे कांहीं जादू नव्हे. रोग्यानें मोबाइलवर किंवा संगणकावर रोज काय खाल्लें तें लिहावयाचें, आठवड्यास वजन नोंदवावयाचें, किती चाललें तें टिपावयाचें. यंत्रानें त्याचा आलेख काढून दाखवावयाचा, ठरविलेलें उद्दिष्ट किती जवळ आलें तें सांगावयाचें, आणि दर आठवड्यास एक छोटासा पाठ वाचावयास द्यावयाचा: लग्नकार्यांत काय करावें, रात्रीं उशिरा भूक लागली तर काय करावें, आठवडाभर सारें बिघडलें तर पुन्हां सुरुवात कशी करावी. रोजनिशी, वजनाचा तक्ता आणि शिकवणी एवढ्या तीन जुन्याच गोष्टी येथें एकत्र आल्या आहेत. फरक इतकाच कीं, एकदां तयार झालेलें हें साधन शंभर रोग्यांस पुरतें तसें लाखांसहि पुरतें, आणि रात्रीं अकरा वाजतांहि तें उपलब्ध असतें.

पण या साधनांना एक जन्मजात दोष आहे. लोक तीं सोडून देतात. कॅनडांतील टोरोंटो येथील गुंथर आयझेनबाख या संशोधकानें २००५ सालींच या गळतीविषयीं विस्तारानें लिहून तिला नियमाचें स्वरूप दिलें होतें: इंटरनेटवरून चालणाऱ्या आरोग्यविषयक उपक्रमांत सुरुवातीस आलेल्यांपैकीं मोठा भाग हळूहळू नाहींसा होतो, हें अपवादात्मक नसून अपेक्षितच समजावें. पहिल्या आठवड्यांत पोह्यांतील शेंगदाणेहि मोजून लिहिणारा गृहस्थ पांचव्या आठवड्यांत जेवणहि लिहीत नाहीं. याचें कारण शिक्षकास सांगावयास नको. जो गृहपाठ कोणी तपासत नाहीं तो पोरें करीत नाहींत, आणि या बाबतींत थोर माणसें पोरांहून फारशीं वेगळीं नसतात. तेव्हां खरा प्रश्न साधन चांगलें कीं वाईट हा नसून, वही तपासणार कोण, हा आहे.

त्याचें पहिलें भक्कम उत्तर अमेरिकेंतील बॉल्टिमोर शहरांत मिळालें. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं सहा दवाखान्यांतील ४१५ लठ्ठ रोगी घेतले. प्रत्येकास हृदयविकाराचा धोका वाढविणारें निदान एक लक्षण होतेंच. एका गटाला स्वतःच्या बळावर सोडलें. दुसऱ्या गटाशीं मार्गदर्शक केवळ फोनवर बोलत. प्रत्यक्ष भेट नाहीं, पण जोडीस एक संकेतस्थळ व ईमेल होते. तिसऱ्या गटाला हें सर्व असून शिवाय समोरासमोरच्या बैठकीहि होत्या. डॉक्टरांनीं काय करावयाचें? त्यांनीं आहार शिकवावयाचा नव्हता. रोगी नेहमींच्या तपासणीस आला म्हणजे त्याच्या प्रगतीचा छापील अहवाल त्यांच्यापुढें येई. तो पाहून त्यांनीं दोन शब्द बोलावयाचे आणि मागें पडलेल्यास पुन्हां संकेतस्थळाकडे लावून द्यावयाचें, एवढेंच काम. दोन वर्षांनीं वजनें केलीं तेव्हां स्वतःच्या बळावर सोडलेल्यांचें सरासरीनें ०.८ किलो, फोनवाल्यांचें ४.६ किलो आणि समोरासमोर भेटणाऱ्यांचें ५.१ किलो उतरलें होतें. २०११ च्या या निकालांत नवल वाटण्याजोगी गोष्ट शेवटच्या दोन आंकड्यांतील अंतर ही आहे: तें अर्ध्या किलोचेंच आहे. रोग्यानें दोन बस बदलून यावें, रांगेंत बसावें, याची गरज मोठ्या प्रमाणावर नाहींशी झाली. मात्र फोनच्या दुसऱ्या टोंकास जिवंत माणूस होता, हें विसरून चालणार नाहीं.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांनीं हेंच काम आणखी स्वस्तांत होतें का तें पाहिलें. ५६ दवाखाने, ८१८ रोगी. सहा महिन्यांत पसरलेले इंटरनेटवरील २४ पाठ. आणि दवाखान्यांतील परिचारिकेचा अगदीं थोडा आधार, एका गटांत प्रत्यक्ष भेटून तर दुसऱ्यांत फोन किंवा ईमेलनें. तुलनेसाठींच्या तिसऱ्या गटास कोणतें पदार्थ कोणत्या पदार्थांच्या बदलीं खावेत याचा साधा सल्ला दिला आणि दर सहा महिन्यांनीं परिचारिकेनें वजन करावें असें ठरविलें. वर्षअखेर मूळ वजनाच्या शेंकडा ५ इतकें वजन उतरवून तें टिकविणारे तिसऱ्या गटांत शेंकडा २०.८, परिचारिकेस भेटणाऱ्यांत २९.२, आणि दुरून आधार मिळणाऱ्यांत ३२.४ निघाले. या प्रयोगाविषयीं लिहितांना बहुतेकजण इंटरनेटच्या यशाची वाखाणणी करितात. ती रास्तच आहे. परंतु तिसऱ्या गटाकडेहि थोडें पाहिलें पाहिजे. एक साधा कागद आणि सहा महिन्यांनीं कोणीतरी वजन करणार आहे ही जाणीव, एवढ्यावर त्या माणसांचें सरासरीनें जवळजवळ ३ किलो वजन उतरलें होतें. ज्या गांवीं इंटरनेट धड चालत नाहीं तेथील डॉक्टरांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या सर्वांहून नेमका प्रश्न बॉस्टनमध्यें विचारण्यांत आला. तेथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाशीं संलग्न असलेल्या १५ दवाखान्यांत २०१६-१७ सालीं ८४० रोगी या कामीं घेण्यांत आले. वयें २० ते ७०, बीएमआय २७ ते ४० च्या आंत, आणि प्रत्येकास रक्तदाब किंवा मधुमेह. त्यांचे तीन भाग केले. पहिल्यास नेहमींचीच चिकित्सा व वजनाविषयीं सर्वसाधारण माहिती. दुसऱ्यास इंटरनेटवरील वजन घटविण्याचा कार्यक्रम, पण तो ज्याचा त्यानें चालवावा. तिसऱ्यास तोच कार्यक्रम, अक्षरशः तोच; मात्र जोडीस दवाखान्याच्या बाजूनें एक माणूस. हा माणूस डॉक्टर नव्हे, परिचारिकाहि नव्हे. मोठ्या दवाखान्यांत यादी सांभाळणारे, कोणाची तपासणी राहिली, कोणाचें औषध संपत आलें हें पाहून आठवण देणारे जे कर्मचारी असतात त्यांपैकीं तो एक. त्याच्यापुढें संगणकावर रोग्यांची यादी असे. कोणी वजन नोंदविलें नाहीं, कोण तीन आठवडे संकेतस्थळाकडे फिरकला नाहीं, कोणाचें वजन पुन्हां वर चाललें आहे, तें त्याला दिसे. मग तो त्या रोग्यास निरोप पाठवी किंवा फोन करी. उपदेश करणें हें त्याचें काम नव्हतें. 'गेल्या पंधरवड्यांत नोंद दिसली नाहीं, कांहीं अडचण आहे काय?' अशा धर्तीची ही विचारपूस. रोग्याची प्रगति डॉक्टरांनाहि कळविली जाई.

बारा महिन्यांनीं काय दिसलें? नेहमींच्या चिकित्सेंत सरासरी घट १.२ किलो. नुसत्या इंटरनेटवरील कार्यक्रमांत १.९ किलो. कार्यक्रम व माणूस मिळून ३.१ किलो. २०२० सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. पहिल्या दोहोंतील फरक इतका लहान आहे कीं, संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो योगायोगाहून निराळा ठरला नाहीं. म्हणजे ज्या साधनांच्या जाहिराती रोज मोबाइलवर येऊन आदळतात, त्यांच्यासारखें एक चांगलें, वैद्यांनीं रचलेलें साधन फुकट हातीं देऊनहि त्याच्या एकट्याच्या बळावर फारसें कांहीं साधलें नाहीं. आणि त्याच साधनामागें चौकशी करणारा एक कारकुनी दर्जाचा माणूस उभा राहतांच घट वाढली. ३ किलो हा आंकडा कोणास क्षुल्लक वाटेल. ९२ किलोच्या माणसाचे तीन किलो म्हणजे डोळ्यांस दिसेल असा बदल नव्हेच. परंतु रक्तदाब व रक्तांतील साखर एवढ्या घटीलाहि दाद देऊं लागतात, आणि तें साधण्यास एका दवाखान्याला नवा तज्ज्ञ नेमावा लागला नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याची किंमत कळते. अर्थात् हे रोगी बहुतांशीं गोरे, सरासरी एकोणसाठ वर्षांचे व बॉस्टनसारख्या शहरांतील होते. दादरच्या किंवा सदाशिव पेठेंतील दवाखान्यांत आंकडे हेच येतील असें कोणीहि सांगूं नये.

किंबहुना आपल्याकडील डॉक्टरांना पहिला धोका आंकड्यांतच आहे. इंटरनेटवर उंची व वजन घातलें कीं बीएमआय काढून देणारीं गणकयंत्रें पुष्कळ आहेत. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे हा अंक येतो. त्याची मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकांतील बेल्जियन गणिती केतले याची, आणि त्याचें आजचें नांव १९७२ सालीं अमेरिकेंतील ॲन्सेल कीज यानें दिलेलें. भागाकार कोठेंहि तोच येणार. प्रश्न आहे तो आलेल्या उत्तरास काय म्हणावयाचें हा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व ६७ किलो वजनाच्या गृहस्थांचा बीएमआय २४.६ येतो. परदेशी संकेतस्थळ त्यांना हिरव्या रंगांत 'वजन योग्य' असें सांगून मोकळें होतें, कारण तेथील मर्यादा २५ ची. परंतु भारतीयांसाठीं तज्ज्ञांनीं २००९ सालीं ठरविलेल्या मर्यादेनुसार २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून लठ्ठपणा धरावयाचा. त्या हिशेबानें या गृहस्थांचें वजन साडेबासष्ट किलोच्या आसपासच थांबावयास हवें होतें. कमरेचीहि मर्यादा त्यांनीं घालून दिली आहे: पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर.

ही कडक मर्यादा कां, याचें सर्वांत बोलकें उदाहरण पुण्याचें आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र प्रा. जॉन युडकिन यांनीं आपल्या दोघांचें छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें छापलें. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरांतील चरबी मोजली तर युडकिन यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेंकडा २१.२. भागाकार सारखा आला, पण एकाच्या अंगांत चरबी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक! बारीक हातापायांचा आणि पोटाशीं चरबी सांठविणारा आपला देह परदेशी पट्टीनें मोजला तर पुष्कळ रोगी 'निरोगी' म्हणून घरीं जातील. ऑक्सफर्डच्या वर सांगितलेल्या प्रयोगांतहि आशियाई वंशाच्या रोग्यांना ३० ऐवजीं २५ चीच मर्यादा लाविली होती, ती यासाठींच. जो डॉक्टर संगणकावर रोग्यांच्या नोंदी ठेवितो त्यानें, ती प्रणाली कोणत्या अंकावर इशारा देते, हें एकदां विक्रेत्यास विचारून घ्यावें.

दुसरी अडचण ताटांतली. खाद्यपदार्थांच्या परदेशी याद्यांत पावाचे पंधरा प्रकार असतात. पण थालीपीठ, आमटी किंवा उपासाची साबुदाण्याची खिचडी शोधूं गेल्यास घरोघरच्या तेलातुपाच्या मानानें निराळा निराळा आंकडा मिळतो, आणि कधीं मिळतच नाहीं. गृहिणी वाटीनें मोजते, यंत्र ग्रॅम मागतें. मग कंटाळून लिहिणें बंद पडतें. ज्यांना इंग्रजी येत नाहीं अशा सासूबाईंची नोंद सुनेनें करावयाची, म्हणजे सासूबाई चोरून खाल्लेला लाडू सांगणार नाहींत, ही घरगुती अडचण तर कोणत्याहि संशोधकाच्या कोष्टकांत सांपडणार नाहीं. म्हणून जाणते डॉक्टर अशा वेळीं सारी रोजनिशी मागत नाहींत. आठवड्यास एकदां वजन, कमरेचें माप आणि कोणत्याहि एका ताटाचें छायाचित्र, एवढेंच ते मोबाइलवर मागवितात. शास्त्राच्या दृष्टीनें हें अपुरें आहे, पण सहा महिने चालणारी अपुरी नोंद दहा दिवस चाललेल्या पुऱ्या नोंदीपेक्षां उपयोगाची.

दुरून सल्ला देण्यास आपल्याकडे कायद्याची आडकाठी आतां उरलेली नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें, टाळेबंदीच्याच दिवसांत, दूरचिकित्सेचे नियम भारतांत प्रसिद्ध झाले. फोन, दृक्‌संवाद व लेखी निरोप या तिन्ही मार्गांनीं नोंदणीकृत डॉक्टर सल्ला देऊं शकतात. सरकारची ई-संजीवनी ही सेवा २०१९ च्या नोव्हेंबरांत डॉक्टर ते डॉक्टर अशी सुरू झाली व २०२० च्या एप्रिलांत थेट रोग्यांसाठींहि खुली झाली. तींतून खेड्यांतील आरोग्यकेंद्रास दूरच्या तज्ज्ञाचें मत घेतां येतें. साधनाची वाण आहे असें म्हणतां येणार नाहीं. वाण आहे ती पंधरवड्यानें फोन करणाऱ्याची. दवाखान्यांतील कंपाउंडर किंवा नोंदणी पाहणाऱ्या बाई हें काम करूं शकतील काय? बॉस्टनचा अनुभव पाहतां कां करूं शकणार नाहींत, असेंच म्हणावें लागतें. मात्र त्यांना त्यासाठीं वेळ, थोडें शिक्षण आणि वेतन दिलें पाहिजे, आणि रोग्याच्या वजनाची चर्चा दवाखान्याच्या बांकावर होणार नाहीं याची हमीहि घेतली पाहिजे.

गेल्या कांहीं वर्षांत या विषयास नवें वळण लागलें आहे. आठवड्यास एकदां टोंचून घ्यावयाचीं वजन घटविणारीं औषधें आलीं आहेत. सेमाग्लुटाइड या औषधास अमेरिकेंत लठ्ठपणासाठीं २०२१ सालीं परवानगी मिळाली. भारतांत टिर्झेपाटाइड २०२५ च्या मार्चमध्यें व वजनासाठींचें सेमाग्लुटाइड त्याच वर्षीं जूनमध्यें बाजारांत आलें. यांनीं उतरणारें वजन वर सांगितलेल्या सर्व आंकड्यांना मागें टाकणारें आहे. मग आतां त्या रोजनिश्या व ते फोन कशाला, असा प्रश्न सहज सुचतो. त्याचें उत्तर औषध थांबविल्यावर मिळतें. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांची पाहणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. उतरलेल्या वजनाचा सुमारें दोनतृतीयांश भाग वर्षभरांत परत आला होता. शिवाय मात्रा हळूहळू वाढवावी लागते, मळमळ व उलट्या सुरू झाल्या तर वेळींच कळावें लागतें, जेवण घटल्यावर प्रथिनें पुरेशीं जातात कीं नाहीं तें पाहावें लागतें. हें सारें दोन भेटींच्या मधल्या काळांत घडतें, म्हणजे जेथें इंटरनेटवरील नोंद उपयोगी पडते नेमकें तेथेंच. औषधानें विचारपुशीची गरज कमी केली नसून वाढविली आहे.

घरांतील कोणी अशा एखाद्या ॲपसाठीं पैसे भरण्याच्या विचारांत असेल, तर त्यानें चित्रें व रंग पाहण्याआधीं दोन गोष्टी विचाराव्यात. मीं तीन आठवडे कांहींच लिहिलें नाहीं तर माझी चौकशी करणारें कोणी आहे काय? आणि माझी नोंद माझ्या डॉक्टरांना दिसते काय? दोन्हींचें उत्तर नकारार्थी असेल, तर वहीपेन्सिल घेऊन दर महिन्यास आपल्याच डॉक्टरांपुढें ती धरणें कमी खर्चाचें पडेल.

राहिला प्रश्न किती काळ चौकशी करीत राहावें हा. बॉस्टनचा कार्यक्रम बारा महिन्यांचा होता. अठराव्या महिन्यांत पुन्हां वजनें केलीं तेव्हां एकट्या कार्यक्रमाच्या गटाची घट १.९ वरून १.१ किलोवर आली होती, म्हणजे कांहींच न केलेल्या गटाच्याहि मागें. माणूस पाठीशीं असलेल्या गटाची ३.१ वरून २.८ वर. बॉल्टिमोरला दोन वर्षें भरल्यावरहि फोनवाल्या गटाची घट ४.६ किलो होती. तेथें पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्यास येणारा फोन नंतर महिन्यास एक झाला होता, पण दुसऱ्या वर्षींहि तो येतच राहिला होता.